बिननावाची कळशी

फोन थरथरला की मी हातातलं काम टाकतो. फोन माझा नाही, सुनेचा आहे. दुकानात गल्ल्याशेजारी पालथा पडलेला असतो आणि मध्येच गुरगुरतो. कधी नवी ऑर्डर असते, कधी माल परत येत असल्याची खबर असते. दोन्हीचा आवाज एकच. माझ्या वयाची माणसं दुपारी आडवी होतात, मी त्या फोनकडे बघत बसतो.

दुकान तांब्यापितळेच्या भांड्यांचं, नाशकात जुन्या गावात. वडिलांनी घातलं. मी चौथीनंतर शाळा सोडून इथं येऊन बसलो आणि अक्षर खरं इथंच गिरवलं, छिन्नी-हातोडीनं. भांड्यावर नाव घालायचं काम माझ्याकडे होतं. तेव्हा लग्नकार्याला भांडी घरोघरून गोळा व्हायची, मग कोणाचं कुठलं ते नावावरून कळायचं. आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव. कोणी वारलं तर त्याच्या नावानं देवळात समई. एखादं भांडं बिननावाचं पायरी उतरलं तर वडील गिऱ्हाइकाला मागून हाक मारायचे. आता विजेचं पेन आलंय. मीही वापरतो, पण वळण माझंच. इथनं येवल्यापर्यंत कुठल्याही जुन्या घरात मांडणीवरचा डबा उलटा करून बघा, मी माझं अक्षर ओळखून दाखवीन.

हल्ली गिऱ्हाईक येतं, कळशी हातात घेतं, वाजवून बघतं आणि म्हणतं, "काका, एक फोटो काढू?" मग तो फोटो फोनला दाखवायचा आणि फोननं भाव सांगायचा. एक बाई माझ्यासमोरच म्हणाल्या, "या साइटवर स्वस्त आहे. थांबा, त्या दुसरीवर अजून कमी दाखवतंय."

"मग तिथनंच घ्या," मी म्हणालो. "फक्त वाजवून देतात का तेवढं विचारा."

त्या हसल्या आणि गेल्या. तिथनंच घेतली असणार.

मुलगा अंबडला कंपनीत आहे. त्यानं एके दिवशी जेवताना सांगून टाकलं, "बाबा, दिवाळीपर्यंत बघू. नाही जमलं तर गाळा भाड्यानं देऊ. मोबाईलची कव्हरं विकणारा एक जण तयार आहे." मी पानावरून उठलो नाही, पण भात तसाच ठेवला. तेव्हा सून मध्ये पडली. ती खासगी क्लासमध्ये शिकवायची, ते सोडून दुकानात आली आणि म्हणाली, "आपणही साइटवर विकू. दोन्हींवर." दिवाळीपर्यंतची मुदत तिनंच मागून घेतली.

त्या दोन साइटींचं आपसात जमत नाही, हे मला आठवड्याभरात कळलं. सकाळी एकीनं भाव पाडला की दुपारी दुसरीचा निरोप, तुम्हीही पाडा, नाहीतर तुमची कळशी खाली जाईल.

"खाली म्हणजे कुठं?" मी विचारलं.

"पानावर खाली, बाबा. लोक पहिल्या पानाच्या पुढं जात नाहीत."

"आपलं दुकान गल्लीच्या टोकाला आहे. तिथवर यायचेच की लोक."

"तेव्हा गल्लीत दुसरी गल्ली नव्हती," ती म्हणाली. तोंडाची फटकळ आहे, पण मेहनती. तिनं आमच्या मठारलेल्या कळशीचे फोटो असे काढले की हातोडीचा ठोका न् ठोका दिसायचा. ऑर्डरी यायला लागल्या.

घटस्थापना झाली आणि तिच्या आईला बरं नाही म्हणून ती नामपूरला गेली. जाताना खोकी लावून ठेवली. लेबलं इंग्रजीत, ती मला वाचता येत नाहीत, म्हणून तिनं प्रत्येक खोक्यावर मराठीत पेनानं नाव-पत्ता लिहून ठेवला होता. मी फक्त कळश्या भरायच्या, चिकटपट्टी मारायची आणि संध्याकाळी कुरिअरवाल्याच्या ताब्यात द्यायच्या.

पहिली कळशी भरली आणि हात थांबला. विकलेलं भांडं, घेणाऱ्याचं नाव समोर लिहिलेलं, आणि आपण ते तसंच उघडं पाठवायचं? दुकान माझं आहे. मी पेन लावलं आणि काठाखाली नाव घातलं. मग दुसरीवर. संध्याकाळपर्यंत सगळ्यांवर झालं. इतकं सुबक अक्षर बऱ्याच दिवसांत उतरलं नव्हतं. मजुरी लावली नाही, त्याचं मला बरंच वाटलं.

ती परत आली आणि तिच्यामागून कळश्या परत यायला लागल्या. कोणी लिहिलं, भेट द्यायला घेतली होती, आता आमचंच नाव घालून कशी देणार. कोणी लिहिलं, वापरलेला माल पाठवला. आणि बऱ्याच जणांनी दोन्ही साइटींवरून एकेक मागवली होती, एक ठेवायची, एक परत करायची. असंही करतात लोक, हे मला तेव्हा कळलं. नाव घातलेलं भांडं दुसऱ्याला विकता येत नाही. ते मोडीतच जातं.

सून एकेक खोकं उघडत होती. शेवटी म्हणाली, "बाबा, माल फार परत येतोय म्हणून एका साइटनं आपलं पान बंद केलंय. दुसरीनं ताकीद दिलीय. तीही गेली तर संपलं."

"वाईट काय केलं मी?"

"वाईट काही नाही. विचारलं नाहीत."

त्या परत आलेल्यांत एक कळशी इंदिरानगरची होती, दुसऱ्या साइटवरची ठेवली म्हणून परत केलेली. आम्ही राहतो तिथनं चार गल्ल्या पलीकडे. मला चैन पडेना. दोन दिवस मी ती कळशी दुकानात इकडची तिकडे ठेवत राहिलो. मग पिशवीत घातली आणि सुनेला न सांगता त्या पत्त्यावर गेलो. पत्ता मराठीतच होता, खोक्यावर.

दार साखळीपुरतं उघडलं. सुनेच्याच वयाची बाई. मी कळशी पुढं केली. "ताई, तुमची आहे. नाव बघा."

तिनं नाव बघितलं, मग माझ्याकडे. "तुम्हीच घातलंत का हे? खरं सांगू काका, मी घाबरले होते. कोणा अनोळखी माणसानं माझं नाव कोरून पाठवलं म्हणून."

"नाव तर तुम्हीच दिलं होतं."

"पत्त्यासाठी दिलं होतं."

मी म्हणालो, दुसऱ्या साइटवरची ठेवलीत ती दाखवा. तिनं काय विचार केला कोण जाणे, साखळी काढली आणि आणून दाखवली. पत्रा पातळ. मी टिचकी मारली, मग माझ्या कळशीला मारली. तिला फरक ऐकू आला, तोंडावर दिसलं. पण म्हणाली, "हिचे पैसे परत मिळालेत मला, काका. दोन-दोन कळश्या घेऊन काय करू?"

"ठीक आहे." मी पिशवी उचलली.

"मग आता या कळशीचं काय होणार? माझं नाव आहे तिच्यावर."

"मोडीत."

ती म्हणाली, "ठेवून जाता का?"

"फुकट वाटायला नाही आलो मी, ताई," मी म्हणालो आणि जिना उतरलो. खाली आल्यावर वाटलं, हे जरा हळू बोलायला हवं होतं. पण परत वर कोण जाणार.

सुनेला संध्याकाळी कळलं, मीच सांगितलं. ती चहा गाळत होती, गाळणी तशीच धरून उभी राहिली. "बाबा, गिऱ्हाइकाच्या दारात जायचं नसतं. साइटचा नियमच आहे. तिनं एक ओळ लिहिली तरी उरलेलं पान बंद होईल. मग दिवाळीनंतर कव्हरंच विका."

त्या रात्री तिनं उरलेल्या पानावर एक रकाना वाढवला. नाव हवं असेल तर इथं लिहा, नाव घातलेला माल परत घेतला जाणार नाही. मी म्हणालो, हेच मी तोंडी केलं असतं. ती म्हणाली, तोंड साइटला नसतं.

तेव्हापासून फोन गुरगुरला की मी काम टाकतो. नावाच्या ऑर्डरी येतात, रोज नाही, पण येतात. कोणी आजीचं नाव लिहितं, कोणी नव्या घराचं. त्या परत येत नाहीत. तरी प्रत्येक गुरगुरीला मला वाटायचं, ही त्या बाईची तक्रार.

वसुबारसेला फोन वाजला. सुनेनं बघितलं आणि माझ्याकडे सरकवला. "बाबा, इंदिरानगर. तीच."

तक्रार नव्हती. कळशी मागवली होती, एक. नावाचा रकाना रिकामा.

"तिला तिच्या नावाचीच हवी आहे," मी म्हणालो. "नाहीतर आपल्याकडे कशाला आली असती?"

"रकाना रिकामा आहे, बाबा. रिकामा म्हणजे नाव नको. कोणाला भेट द्यायची असेल."

"विचार फोन करून."

"करता येत नाही." मग ती म्हणाली, "तुम्ही ठरवा. दुकान तुमचं आहे. पण ही परत आली तर पानही जाईल."

मी दोन्ही कळश्या बाकावर ठेवल्या. एक नावाची, माझ्या हातची, चिंचेनं घासून लख्ख केलेली. दुसरी कोरी. बराच वेळ बसलो. बाहेर कंदील विकणारे ओरडत होते. शेवटी कोरी उचलली, कागदात गुंडाळली, खोक्यात घातली आणि चिकटपट्टी मारली. इतकं नागडं भांडं या हातानं कधी दिलं नव्हतं. कुरिअरवाला घेऊन गेला तेव्हा मी पायरीपर्यंत गेलो, पण हाक मारली नाही.

मुलगा म्हणाला, बरं, संक्रांतीपर्यंत बघू, वाणाची भांडी जातात का. कव्हरवाल्याला त्यानं थांबवलंय.

नावाची कळशी खिळ्याला टांगली आहे. मोडीत देणार नाही. आणि त्या कोऱ्या कळशीची परत करायची मुदत अजून संपलेली नाही. आत्ता हे लिहितानाही फोन पालथा पडलाय आणि माझा एक कान तिकडेच आहे.