आमच्या चुलत्यांचा एकुलता सिनेमा

भूम तालुक्यात कॅमेऱ्यातलं आमच्या चुलत्यांएवढं कळणारा दुसरा माणूस नव्हता, आणि चुलत्यांकडे कॅमेरा नव्हता. ते एसटीत कंडक्टर. गळ्यात कॅमेरा अडकवलेला प्रवासी गाडीत चढला, की त्याला तिकीट देण्याआधी विचारायचे, "भिंग कितीचं हाय?" लग्नाला निघालेल्या एका शूटिंगवाल्याला त्यांनी कमी उजेडात कोणता कॅमेरा दगा देतो या विषयावर असं धरून ठेवलं, की त्याचा थांबा मागं राहिला आणि तिकडं वरात वेशीत ताटकळली. तो चिडला, तर चुलते म्हणाले, "आता बसाच. बॅटरीचं इचारायचं ऱ्हायलंय." तिकीट मशिनच्या कागदाची उरलेली टोकं ते घरी आणायचे आणि त्यांवर बारीक अक्षरात एकेका कॅमेऱ्याचं वजन, त्याच्या खोड्या, जुना घेताना काय काय तपासायचं, हे सगळं लिहून भिंतीला टाचायचे. काकी म्हणायची, "लग्नाच्या येळी माझी बी येवढी चौकशी केली न्हवती ह्यांनी."

कमी पैशात सिनेमा करायचा तर कॅमेरा सगळ्यात शेवटी घ्यायचा, हे त्यांचं तत्त्व होतं. "कॅमेरा दर वर्षाला नवा निघतो, तिपाई जलमभर टिकती." म्हणून सोलापूरला कॅमेरा बघायला गेले ते तिपाई घेऊन आले, आणि पुण्याला गेले ते कॅमेऱ्याची बॅग घेऊन आले. ती बॅग दीड वर्ष रिकामी होती. मग चुलते तिच्यात भाकरी घालून ड्यूटीवर न्यायला लागले. मी हसले तर म्हणाले, "हसू नको. बॅगेला वजनाची सवय लागाय पायजे." लग्नात उरलेल्या चंदेरी कागदी पत्रावळी त्यांनी पुठ्ठ्याला चिकटवल्या, म्हणजे ऊन चेहऱ्यावर परतवता येतं. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना टांगायला चार वाकळा बाजूला काढल्या, आणि थंडीच्या दिवसांत काकीला त्यातली एकही दिली नाही. हेडफोन मात्र यादीतून खोडला. "ते कशाला? मला काय कान न्हाईत?" काटकसर त्यांच्या हाडात होती. खोलीतून माणूस उठायच्या आधी ते दिवा घालवायचे.

हा सगळा खटाटोप एका बाईसाठी होता. आमच्या बौद्ध वस्तीत गयाआत्या राहायच्या. बहात्तरच्या दुष्काळात त्या रस्त्याच्या कामावर खडी फोडत होत्या. कामावर पाण्याचा हंडा एकच. आमच्या बायांनी लांब ओंजळ धरून बसायचं, पाणक्याच्या मनात आलं तर तो वरून ओतणार. विशीतल्या गयाआत्या एका दुपारी उठल्या, हंड्यात स्वतःच्या हातानं तांब्या बुडवला, पोटभर प्याल्या आणि तोच तांब्या मागच्या बाईच्या हातात दिला. मुकादमानं त्यांना कामावरून काढलं. तेव्हा सगळ्या बाया, आमच्या आणि गावातल्यासुद्धा, हातोड्या टाकून खडीवर बसल्या. तिसऱ्या दिवशी हंडा सगळ्यांचा झाला. वस्तीतल्या प्रत्येक बाईनं ही गोष्ट आत्यांच्या तोंडून ऐकलेली आहे. पण गावाची स्मरणिका निघाली, तिच्यात छापलं होतं की पुढाऱ्यांच्या मनाच्या मोठेपणामुळे पाणी सर्वांना खुलं झालं. मनाचा मोठेपणा! माझे वडील चळवळीची पत्रकं छापून आणायचे. मी अक्षरं त्यांवरच शिकले. मी त्याच दिवशी पत्रक लिहायला बसले. चुलत्यांनी कागद काढून घेतला. "तू लिहिलंस तर म्हणतील, पोरगी तापट हाय. हे आत्याच्या तोंडानंच भाईर आलं पायजे."

"मग मोबाईलवर काढा ना तात्या, आजच्या आज!"

"मोबाईलवर वाढदिवस काढत्यात, पोरी. ह्यात जरा खरखर आली तर म्हणतील, बाई खोटं बोलती. एकदाच काढायचं, पण असं काढायचं की कुणी बोट ठिवू नये."

मी त्यांच्याशी तीन वर्षं भांडले. साधनं नाहीत म्हणून लढाई थांबत नाही, असं मी त्यांना मोठ्या आवाजात सांगायचे आणि ते मला तिपाईच्या पायांची पकड दाखवायचे. आज वाटतं, मी चूक नव्हते. पण त्यांचं भयही खोटं नव्हतं. आमच्या माणसांच्या शब्दावर बोट ठेवायला लोकांना निमित्त लागत नाही, हे ते माझ्यापेक्षा जास्त वर्षं बघत आले होते. एवढ्यात आत्यांना खोकला जडला.

तिसऱ्या हिवाळ्यात लातूरच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतून जुना कॅमेरा आला. सोबत पदराला लावायचा बोटाएवढा बिनतारी माईक. शूटिंगच्या सकाळी चुलत्यांनी वाकळा टांगल्या, सगळ्यांचे मोबाईल बंद करून स्टीलच्या डब्यात घातले, आणि त्या चंदेरी पत्रावळी उन्हाकडं वळवल्या. आत्या खाटेवर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "ताटं तर लई मांडलीस रं. जेवाण कुठं हाय?" मी हसत बाहेर पडले, कारण माझी नेमणूक गल्लीच्या तोंडाला होती. मोटारसायकली थांबवायच्या आणि शेळ्या हाकलायच्या. तासभर मी शेळ्यांशी लढले. आत फक्त चुलते होते आणि आत्या बोलत होत्या.

संध्याकाळी चुलत्यांनी चित्र लावलं. आत्यांचा चेहरा असा आला होता की एकेक सुरकुती बोलेल. ओठ हलत होते, हात तांब्या बुडवत होते, आणि आवाज नव्हता. सुरुवातीलाच आत्यांना खोकल्याची उबळ आली, तेव्हा चार्जिंग वाचावं म्हणून चुलत्यांनी माईकचं बटण बंद केलं होतं. ते परत दाबायचं राहिलं. बाहेरचा माईक जोडला की कॅमेऱ्याचे स्वतःचे कान बंद होतात. कॅमेऱ्यापाशी परत आल्यावर कानाला काही लावलेलं असतं, तर त्याच क्षणी कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी ते आत्यांकडं गेले. "आत्या, परत येकदा सांगावं लागंल."

"आरं, काल सांगितलं की समदं! किती येळा त्या खडीवर बशिवतूस मला? बुधवारी ये. जरा दम घेऊ दे."

बुधवारच्या आधीच आत्यांना बार्शीला दवाखान्यात न्यावं लागलं. त्या परत आल्या नाहीत.

आत्यांच्या जलदान विधीच्या दिवशी विहारात भोजनदान झाल्यावर आत्यांची लेक म्हणाली, "तात्या, आईचं चित्र लावा की."

"त्याला आवाज न्हाय गं."

"आसू द्या. तोंड तरी दिसंल."

दारं-खिडक्या लावून भिंतीवर चादर बांधली. चादरीवर आत्या आल्या आणि ओठ हलवायला लागल्या. मग मागून एक म्हातारी बोलली, "मुकादम शिट्टी फुकतोय बघा आता." दुसरी म्हणाली, "पाणक्या इडी वढत बसलेला." आत्यांचा हात उठला आणि चार-पाच बाया एकदम म्हणाल्या, "म्हनलं, व्हय बाजूला!" हंडा तांब्याचा की पितळेचा यावर दोघी भांडल्या. आत्या हसायच्या आधीच सगळ्या हसत होत्या. अर्धा तास ती मुकी बाई वस्तीच्या तोंडानं बोलत होती. मी रडत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

गोष्ट संपली. हंडा सगळ्यांचा झाला. पण चित्र अजून चालू होतं. आत्यांनी पदर सावरला, कॅमेऱ्याकडं, म्हणजे चुलत्यांकडं, नीट बघितलं, एक वाक्य बोलल्या आणि मान खाली घालून हसल्या. हे कुणाच्याच ओळखीचं नव्हतं. लेकीनं विचारलं, "तात्या, काय म्हनली आई? तुमालाच म्हनली न्हवं?"

चुलते भिंतीला टेकून उभे होते. "आयकलं न्हाय गं म्या," ते म्हणाले. "म्या फोकस बघत हुतो."

त्यानंतर त्यांनी भिंतीवरचे कागद काढले. वाकळा काकीला परत दिल्या. ते वाक्य ओळखता येईना म्हणून मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेतल्या, ओठ वाचणाऱ्या एका बाईंनाही ते चित्र दाखवून आले. त्या म्हणाल्या, दात नसलेल्या माणसाचं नक्की सांगता येत नाही. एरवी ते ड्यूटीवर जातात, तिकिटं देतात, आणि कॅमेरावाला चढला तर त्याला वेळेवर उतरू देतात.

बायांनी विहारात जे सांगितलं, त्याची मी पुस्तिका केली. हंड्यावरून झालेलं भांडणसुद्धा तसंच ठेवलं. शेवटच्या पानाशी अडले आणि कागद घेऊन चुलत्यांकडं गेले. मी विचारलं, "त्या वाक्याचं काय करू? गाळू का?"

त्यांनी कागद वाचून माझ्या हातात परत दिला.

"गाळू नको. ती बोलली, येवढं लिही."

मी तेवढंच लिहिलं.