बायकोनं केलेली माझी आई

माझी बायको नटी आहे हे सांगताना मी आधी घसा साफ करतो, कारण समोरचा लगेच विचारतो, "कोणत्या सिरीयलमध्ये?" नांदेडच्या एका शाळेत शिकवत शिकवत तिनं वीस वर्षं नाटकं केली. राणी झाली, वकील झाली, भूत झाली, फौजदार झाली. फौजदार होती तेव्हा भाजी आणायला उशीर झाला की माझी उलटतपासणी व्हायची. मग पडदाही आला. एका वेब सिरीजमध्ये तिला तीन मिनिटांचं डॉक्टरचं काम मिळालं, तर जळकोटचे तिचे मामा शुगरचे रिपोर्ट घेऊन दारात हजर. एका सिनेमात ती नुसतं प्रेत होती. ते काम तिनं उत्तम केलं. संसारात ती इतका वेळ गप्प असलेली मी तेव्हाच पाहिली.

मग स्पर्धेसाठी एक नाटक आलं. खेड्यातली बाई, नवरा तरुणपणीच जातो, ती शेत आणि पोरगा सांभाळते. मी सहज तालमीला गेलो आणि खुर्चीतच ताठ झालो. पदर कमरेला खोचणं, गुडघ्यावर हात टेकून उठणं, बोलता बोलता खालची काडी उचलून मोडणं. ही तर माझी आई! लोह्याजवळच्या गावात अजून स्वतः शेत बघणारी, चांगली धडधाकट, कडक आई.

"तिला विचारलंस का?"

"नाही हो. आत्यांना कळलं तर काय म्हणतील?" ती सासूला आत्या म्हणते आणि या जगात फक्त तिलाच भिते. "त्यांना वाईट वाटलं तर मी हे काम सोडणार."

नेमकी आई मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नांदेडला आली आणि नाटक बघायचंच म्हणून हटून बसली. डोळ्यांवर काळा चष्मा होता, तेवढीच आमची आशा.

प्रयोग रंगला. नवऱ्याचं प्रेत दारात आल्यावर बायकोनं असा हंबरडा फोडला की मागच्या रांगा मुसमुसायला लागल्या. आई हलली नाही.

सकाळी कपबशी खाली ठेवून म्हणाली, "चालणं माझंच घेतलंस की गं."

बायकोनं पायच धरले. "चुकलं, आत्या. सोडते मी हे काम."

"सोडू नकु. पर ते रडणं कुणाचं घेतलंस? म्या कवा रडले? ह्याला इचार."

मला विचारायची गरज नव्हती. मी सात वर्षांचा होतो. बाबांना दवाखान्यातून आणलं, अंगणात बाया रडत होत्या, आणि आई बादली घेऊन गोठ्यात म्हशीखाली जाऊन बसली. मी दारातून बघत होतो. शिक्षण झालं, नोकरी लागली, लग्न झालं, पण हे मी तिला कधी माफ केलं नाही. तिला तसं बोलूनही दाखवलं नाही.

"म्हैस वरडून राहिली होती," आई म्हणाली. "सकाळधरनं कुणी धार काढली नव्हती." मग माझ्याकडे एकदा बघितलं, सुनेला आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटून घेतलं. दोघी तासभर बाहेर आल्या नाहीत. दुसरा चहा मला माझ्या हातानं करून घ्यावा लागला.

पुढचा प्रयोग लातूरला झाला. प्रेत आलं. बायको रडली नाही. रिकामी बादली घेऊन ती प्रेक्षकांकडे तोंड करून बसली आणि तिथं नसलेल्या म्हशीची धार काढू लागली. हात इतके थरथरत होते की बोटं सुटायची, धार बादलीबाहेर जायची. ती जमीन पुसायची, पुन्हा बसायची, पुन्हा चुकायची. आवाज बाहेर पडू नये म्हणून पदराचा बोळा तिनं दातांत धरला होता.

मी तिसऱ्या रांगेत होतो. त्या दिवशी गोठ्याच्या दारातून मला आईची फक्त पाठ दिसली होती.