शेवंताच्या मायचे डोळे

मंडळी, आज सकाळी ट्रंक आवरताना एक जुना कागद सापडला.

सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. मी मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. मासिकात छापून आलेलं एक क्यूबिस्ट चित्र वर्गाला दाखवलं. बाईचा चेहरा तुकड्यातुकड्यांचा, दोन्ही डोळे एकाच गालावर. "ही बाई नाही, राइस मिलमधली कणी आहे, नुसता तुटका तांदूळ," असं म्हणून मीच आधी हसलो. मग म्हणालो, यातल्या चुका सांगा आणि आपापल्या पद्धतीनं बाई काढा.

वारासिवनीच्या शेवंतानं तांदूळ पाखडणारी माय काढली. एक डोळा सुपाकडे, दुसरा भलतीकडेच. मी लाल शाईनं लिहिलं, 'डोळे चुकले.'

ती म्हणाली, "काहून गुरुजी? माय एका डोळ्यानं कणी पायते, दुसऱ्यानं मले."

अख्खा वर्ग हसला. मी हसू दिलं. तिनं कागद टेबलावरच सोडला आणि पुन्हा कधी रंगपेटी आणली नाही.

पेन्सिल आता पुसट झाली आहे. माझी लाल शाई मात्र जशीच्या तशी.

वारासिवनीकडचं कोणी शेवंताले ओळखता का हो? भेटली तर सांगा, चुकले ते गुरुजींचे डोळे.