अर्धंच पोचलेलं व्याख्यान

"कळलं नसेल तर चूक माझी," असं म्हणून प्रोफेसर उपरण्याच्या टोकाने चष्मा पुसायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागायचे.

कॉलेजातून निवृत्त होऊन ते हवेसाठी लोणावळ्यात राहिले होते. नारूवरचे त्यांचे निबंध विलायतेत छापून येत. पण ज्यांच्या पायातून तो दोऱ्यासारखा जंत निघतो, त्यांना त्यातलं अक्षरही पोचत नाही, ही त्यांची खंत. मी कान्हे स्टेशनाजवळच्या एका गावात शाळामास्तर होतो. महिन्यातून एकदा ते गाडीने कान्ह्याला उतरत आणि त्यांची सूक्ष्मदर्शकाची पेटी घेऊन मी पुढे चालू लागे.

गावकऱ्यांपुढचं पहिलं व्याख्यान पार फसलं. 'जलजंतू', 'संक्रमण' असले शब्द. शेवटी एका म्हाताऱ्याने मला विचारलं, "मास्तर, सायेब कंची पोथी सांगत्यात?" प्रोफेसर मनापासून हसले. परतीच्या गाडीची वाट पाहताना त्यांनी माझ्याकडून गावातले शब्द लिहून घेतले.

पुढच्या खेपेला ते सोपं बोलले. "नारूचा पाय विहिरीत बुडला की त्याची पिलं पाण्यात सुटतात. तेच पाणी आपण पितो. म्हणून पाणी फडक्याने गाळा, आणि नारूवाल्याने विहिरीत उतरू नये." लोकांनी माना डोलावल्या.

"आज पोचलं, मास्तर," स्टेशनावर ते म्हणाले.

आमची विहीर पायऱ्यांची. दुसऱ्या दिवशी गावकऱ्यांनी पारूबाईला तिथून हुसकावलं. ती एकटी विधवा, घोट्याला नारू झालेला. वरून दोराने पाणी काढायलाही कोणी देईना. दुखऱ्या पायाने ती रुळांपलीकडच्या ओढ्यावर जाऊ लागली. मी पाटलांना सांगून पाहिलं. प्रोफेसरांना मात्र कळवलं नाही. येतीलच महिन्याने, म्हटलं.

ते आले तेव्हा तिचा पाय गुडघ्यापर्यंत सुजून काळा पडला होता. ते तडक पाटलांकडे गेले.

"तिला पाणी भरू द्या. वरून काढलं तर काही होत नाही."

"तुमीच म्हनला व्हता, उतरू नये."

"पाणी गाळा, असंही म्हणालो होतो."

"त्ये ऱ्हाऊ द्या, सायेब. गावाला आता भ्या बसलंय."

मग ते पारूबाईच्या दारात जाऊन बसले. तिने एवढंच विचारलं, "सायेब, माज्या पायामुळं लोकांस्नी नारू झाला व्हय?"

खरं उत्तर त्यांना ठाऊक होतं. ते उपरण्याच्या टोकाने चष्मा पुसत राहिले.

आठ दिवसांत ती गेली. ते पुन्हा कान्ह्याला उतरले नाहीत. मी लोणावळ्याला भेटायला गेलो की चहा देत, हवापाण्याचं बोलत. एकदाच म्हणाले, "शब्द सोपे केले मी. माणसं किती घाबरलेली आहेत, ते नाही पाहिलं."

पुढे दोनेक वर्षांनी ते वारले. त्यांच्या घरी जाऊन परतताना, कान्ह्याहून चालत येताना, वाटेतल्या एका गावच्या विहिरीवर थांबलो. बायका पाणी भरत होत्या. एकीच्याही घागरीवर फडकं नव्हतं. लांब बाभळीखाली, पायाला चिंध्या गुंडाळलेला एक माणूस रिकामी घागर पुढे ठेवून बसला होता.

"तो तिकडे का?" मी विचारलं.

"नारू हाय त्याला," एक बाई म्हणाली. "लोनावळ्याच्या सायबानं सांगितलंया, जवळ येऊ देऊ नका."

मी त्याची घागर भरून त्याच्यापुढे ठेवली. विहिरीवरच्या बायका हात थांबवून माझ्याकडे बघत होत्या.