नोटिशीतला शेवटचा शब्द

हॉटेलांच्या आणि हॉस्पिटलांच्या चादरी धुणाऱ्या एका मोठ्या लाँड्रीत दोघी सख्ख्या जावा कामाला होत्या. धाकटी आठ वर्षांपासून वाफेच्या प्रेसवर उभी असायची. थोरली तिच्यानंतर दोन वर्षांनी आली, तीसुद्धा धाकटीनं मॅनेजरच्या मिनतवाऱ्या करून आणली म्हणून. ती घड्या घालायची. कायम मात्र दोघींपैकी कुणीच नव्हती.

प्रेससमोर उभं राहून राहून धाकटीचे गुडघे कामातून गेले होते. मला प्रेसवरून मोकळं करा, बसून करायचं काहीतरी द्या, असा अर्ज तिनं देऊन ठेवला होता. त्यामुळे एका बुधवारी फळ्यावर इंग्रजीत नोटीस लागली आणि तिच्यात आधी थोरलीचं आणि मग आपलं नाव दिसलं, तेव्हा ती लगबगीनं पुढं झाली. ऑफिसातले एक कारकून तिथंच चहा पीत उभे होते. त्यांना सगळे चष्मेवाले म्हणत.

"साहेब, काय लिहिलंय हो?"

नोटीस त्यांनीच टाइप केली होती, तरी त्यांनी चष्मा वर-खाली करत ती वाचल्यासारखं केलं. "तुम्ही दोघी. कन्फर्म्ड अँड रिलीव्ह्ड, रिस्पेक्टिव्हली. कन्फर्म म्हणजे कायम करणं. रिलीव्ह म्हणजे मोकळं करणं."

"प्रेसवरून?"

"मग काय संसारातून? अर्ज दिला होतास ना तू?"

"आणि तो शेवटचा शब्द?"

"रिस्पेक्ट म्हणजे काय, सांग बघू."

"मान."

"झालं तर मग! मानानं. मानानं कायम केलंय आणि मानानं मोकळं केलंय."

शेजारी उभ्या असलेल्या स्टोअरकीपरला चहाचा ठसका लागला. धाकटीला वाटलं, चहा गरम असेल.

त्या दिवशी दुपारी ती गुडघेदुखी विसरून कोपऱ्यावरच्या बेकरीत गेली आणि केक घेऊन आली. पहिला तुकडा तिनं थोरलीला भरवला. थोरलीनं तो खाल्ला, ओठ पुसले आणि म्हणाली, "मऊ आहे गं." चष्मेवाल्यांनी दोन तुकडे घेतले. घरी आल्यावर धाकटीनं तो शब्द नवऱ्याला तीनदा म्हणून दाखवला. रिस्पेक्टिव्हली. जिभेवर नीट बसेपर्यंत ती म्हणत राहिली. थोरली पलीकडे भाजी चिरत होती. तिनं मान वर केली नाही.

सोमवारी गेटवर वॉचमननं हात आडवा धरला. "बाई, तुमचं नाव कमी झालंय."

धाकटी हसली. "अहो, मला कायम केलंय. फळ्यावर बघा जाऊन."

"मी यादी बघतो. यादीत तुम्ही नाही."

थोरली दोन पावलं पुढं होती. तिनं कार्ड पंच केलं आणि मागं न बघता आत गेली.

धाकटीच्या घराखालच्या खोलीत एक बाई इंग्रजीची शिकवणी घ्यायच्या. धाकटीनं नोटिशीचा फोटो काढून ठेवला होता. कौतुकानं काढला होता. तो तिनं बाईंपुढं धरला आणि चष्मेवाल्यांनी सांगितलेला अर्थही सांगितला. बाईंनी एकदाच नजर टाकली.

"पहिलीला कायम, दुसरीला कमी. रिस्पेक्टिव्हली म्हणजे अनुक्रमे."

"अनुक्रमे?" धाकटी सातवी पास होती. दोन बाजूंची लांबी अनुक्रमे इतकी आणि इतकी, असली गणितं तिनं ढीगभर सोडवली होती. "हा शब्द मला येतो बाई. हा मला येत होता!"

"तुला सांगितला तो अर्थ रिस्पेक्टफुलीचा. त्याचं शेपूट वेगळं. आणि खालची ओळ? हरकत असल्यास शनिवारपर्यंत लेखी कळवावी. नोकरीत जुनी कोण?"

"मी."

"मग हरकत घेतली असतीस तर तूच राहिली असतीस. झोपली होतीस का?"

संध्याकाळी थोरली चपला काढत होती, तेव्हाच धाकटीनं तिला दारात गाठलं. "ताई, तुम्हाला ठाऊक होतं?"

"बुधवारीच. मी चष्मेवाल्यांना बाजूला घेऊन विचारलं. सरळ विचारलं की ते सरळ सांगतात."

"आणि शनिवारपर्यंत तोंड शिवून बसलात? माझ्या हातचा केक खाल्लात?"

"तू भरवलास, मी खाल्ला. सांगितलं असतं तर तू हरकत घेतली असतीस आणि मी घरी बसले असते. मी काही एवढी वेडी नाही." मग सरकून वाट काढत ती म्हणाली, "आणि तू मला कुठं विचारलंस?"

धाकटीचा नवरा आतून म्हणाला, "घरातली एक तरी कायम झाली ना? पाणी आण."

दुसऱ्या दिवसापासून धाकटी शिकवणीला बसू लागली. तिच्या बाकावरच्या मुली बारा वर्षांच्या. गुडघे बाकाखाली मावायचे नाहीत, ती तिरकी बसायची आणि मुली खुसखुसायच्या. महिन्याभरानं बाईंनी तो शब्द वाक्यात वापरायला सांगितला. धाकटीनं बऱ्याच वेळा खोडून इंग्रजीत लिहिलं, माझी थोरली जाऊ आणि मी अनुक्रमे लबाड आणि बावळट आहोत.

बाईंनी ते मोठ्यानं वाचलं. वर्ग हसून लोळला. "वापर अगदी अचूक," बाई म्हणाल्या. "बावळटचं स्पेलिंग तेवढं चुकलंय." आणि ते वाक्य त्यांनी फळ्यावर लिहून सगळ्यांना उतरवून घ्यायला लावलं. धाकटीनंही पुन्हा उतरवून घेतलं.

पुढं तिला दुसऱ्या एका लाँड्रीत ओल्या चादरी ओढायचं काम मिळालं. थोरली कायम राहिली, नंतर रिटायर झाली. चौदा वर्षं एकाच स्वयंपाकघरात दोघी वावरल्या, पण धाकटी तिच्याशी एक शब्द बोलली नाही. काही सांगायचं झालं तर आपल्या मुलीकरवी.

मग थोरलीचं एक अंग लुळं पडलं. तिचं सगळं धाकटीच करायची. अंग पुसायची, घास भरवायची, रोज सकाळी चादर बदलायची. एकही सुरकुती ठेवायची नाही. एका सकाळी थोरलीनं बऱ्या हातानं तिचं मनगट धरलं. जीभ जड झाली होती, तरी शब्द कळले. "बोल की गं... एकदा तरी."

धाकटीनं मनगट सोडवून घेतलं आणि दारातल्या मुलीकडं पाहिलं.

"त्यांना सांग, जरा कुशीवर व्हा म्हणावं. खालची चादर काढायचीय."