वडिलांच्या आधी माझं मनगट

बाळांनो, रक्तात गुठळी होऊ नये म्हणून मी रोज गोळी घेते, हे तुम्हाला ठाऊक आहे. काल भाजी चिरताना बोट कापलं, रक्त लवकर थांबेना, आणि मला निजामाच्या राज्यातलं आमचं नांदेडचं घर आठवलं. माझे वडील शाळेत मास्तर होते. त्यांच्या पोटरीत रक्त साकळलं होतं, पाय टम्म सुजून काळपट पडला होता, आणि पाय गमवावा लागेल म्हणून घरात सगळे धास्तावले होते. देगलूरकडची एक म्हातारी मडक्यात जळवा घेऊन आली. मडक्याला ओल्या गाळाचा वास येत होता. वडिलांनी पाय आखडून घेतला. म्हातारी हसली, "मास्तर, पोरांला छड्या हाणता, अन् एवढ्याशा किड्याला भिऊन राहिले?" तरी ते ऐकेनात. मग मीच हात पुढे केला, "आधी मला लावा." मनगटावर जळू गार लागली, दुखलं फारसं नाही. पोट भरल्यावर ती गळून पडली, पण रक्त वाहतच राहिलं. आई हळद घेऊन धावली. म्हातारीनं तिला अडवलं, "ऱ्हाऊ दे माय. जळूच्या लाळंनं रगत पातळ व्हतंय, गोठत न्हाई. मास्तरला तेच तर पायजे." वडिलांनी माझ्या मनगटाकडे पाहिलं आणि पाय पुढे केला. दोन-तीनदा जळवा लावल्यावर सूज उतरली, आणि एका सकाळी ते माझा हात धरून गोदावरीपर्यंत चालत आले. त्यांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली. माझ्या डाव्या मनगटावर त्या चाव्याची तीन टोकांची बारीक खूण अजून आहे.