जास्तीचे दोन पाटे

मार्तंडराव कारखान्याच्या स्टोअरमधून निवृत्त झाले, पण सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तयार व्हायची सवय काही गेली नाही. फक्त आता ते कारखान्याऐवजी अंगणात जात. तिथे ताडपत्रीखाली पांढरी ॲम्बेसेडर होती, वडिलांनी घेतलेली. तिला ते 'सरकारांच्या काळातली' म्हणत. सरकारांचं, म्हणजे महाराजांचं, राज्य गेलं तेव्हा ही गाडी अजून जन्मायची होती, हे बायकोने, सुभद्राबाईंनी, एकदाच सुचवून पाहिलं. त्या दिवशी मार्तंडराव जेवले नाहीत. डब्यातले शेंगदाण्याचे लाडू मात्र संध्याकाळपर्यंत कमी झाले.

देवासला एकेकाळी दोन गाद्या होत्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. मार्तंडरावांचे आजोबा धाकटीकडे हत्तींच्या चाऱ्याचा हिशेब ठेवत. पुढच्या दोन पिढ्यांत चारा गळून गेला आणि हत्ती तेवढे उरले. पाहुण्याच्या हातात चहा पडायच्या आत 'आमच्याकडे हत्ती होते' हे त्याला कळलेलं असे.

गाडीची मागची बाजू मात्र बसली होती. खालच्या कमानींचे लोखंडी पाटे म्हातारे होऊन सपाट झाले होते. डिसेंबरातल्या एका लग्नात फत्तेसिंगांनी ते बघितलं. फत्तेसिंग म्हणजे थोरल्या पातीच्या मानकऱ्यांचे नातू, बँकेतून निवृत्त आणि आता जुन्या गाड्यांच्या मंडळाचे अध्यक्ष. "मार्तंडराव, गाडी उकिडवी बसली की तुमची!" ते मांडवाच्या दारातच म्हणाले. माणसं हसली. सुभद्राबाईही हसल्या, पण पदराआड.

दुसऱ्याच दिवशी गाडी कमानीवाल्याकडे गेली.

"भिया, दोनों तरफ एक-एक पत्ता डाल देता हूँ, बराबर हो जाएगी," तो म्हणाला.

"एक? दो डालो. छोटी पाती के हैं तो क्या एक में निपटा दोगे?"

कमानीवाल्याला पाती कळली नाही, पण दुप्पट माल खपतोय हे कळलं. "दो ही अच्छे, भिया. हाथी बैठ जाए."

हत्तीचं नाव निघाल्यावर मार्तंडराव कसले फेरविचार करतात!

गाडी घरी आली तेव्हा सुभद्राबाई ओट्यावर मेथी निवडत होत्या. गाय उठताना आधी मागचं अंग उचलते आणि गुडघे टेकून क्षणभर तशीच राहते, गाडी तशी दिसत होती. मागून उंच, नाक रस्त्याला.

"ही अशीच राहणार का?"

"अशी म्हणजे कशी?"

"मुजरा घालतेय."

मार्तंडराव वळसा घालून बाजूला गेले, लांबून पाहिलं, डोळे बारीक करून पाहिलं, आणि मटकन ओट्यावर बसले. संक्रांतीनंतरच्या रविवारी धारला जुन्या गाड्यांचा मेळावा होता. मंचावर फत्तेसिंग बसणार होते आणि एकेक गाडी त्यांच्या पुढ्यातून जाणार होती. धाकट्या पातीची गाडी थोरल्या पातीसमोर, ती अशी वाकून!

"मग एक-एक पाटा काढून आणा की."

"मीच म्हणालो ना त्याला, दोन टाक. आता कुठल्या तोंडाने जाऊ?"

म्हणजे कमानीवाल्यापुढे चूक कबूल करण्यापेक्षा गाडी वाकलेली परवडली. सुभद्राबाईंनी मेथीच्या काड्या सुपात झटकल्या.

मग मार्तंडरावांनी डिकीत लोहारद्याच्या शेतातल्या गव्हाची पोती ठेवून बघितली. गाडी सरळ झाली. पण मेळाव्यात डिकी उघडून तपासतात. पोती उतरवता उतरवता त्यांची नजर बायकोवर गेली, आणि तिथून गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या थोरल्या वहिनींवर. जमुनाबाई अंगाने भरभक्कम होत्या.

"वहिनीसाहेब, यंदा तुम्ही दोघींनी धारला यायचंच. मागे राणीसारखं बसायचं."

जमुनाबाई हरखल्या. इतक्या वर्षांत दिरांना असं कधी सुचलं नव्हतं. त्यांनी तीन साड्या काढून ठेवल्या. सुभद्राबाईंना गव्हाच्या जागी आपण आहोत हे स्वच्छ दिसत होतं, पण जावेचा आनंद कशाला मोडायचा म्हणून त्या गप्प बसल्या.

त्या रविवारी इंदूर ओलांडून धार येईपर्यंत गाडी अगदी सरळ रेषेत होती. मार्तंडराव गुणगुणत होते. मैदानात गाड्यांची रांग लागली. मंच समोर आला, पुढे दोनच गाड्या उरल्या, तेवढ्यात फत्तेसिंगांची सून अनन्या लगबगीने खिडकीशी आली.

"काकीसाहेब, उतरा ना, हळदीकुंकू रखा है. सगळ्या बायका तिकडेच आहेत."

जमुनाबाई एका क्षणात खाली. गाडीचं बूड अर्धं उचललं.

"सुभद्रा, तू उतरू नकोस," मार्तंडराव आरशातून म्हणाले.

"हळदीकुंकवाला बोलावलंय. नाही कसं म्हणू?"

"मंचापुढून जाऊ दे फक्त. मग खुशाल जा. हात जोडतो तुला."

"हात स्टिअरिंगवर ठेवा."

सुभद्राबाई दाराच्या कडीला हात लावून थांबल्या. माहेरी जाऊ का म्हणून त्यांनी विचारावं आणि यांनी पेपरातून मान वर न करता 'बघू' म्हणावं, असं सगळं आयुष्य गेलं. आज पहिल्यांदा नवऱ्याने विनवलं, तेही वजनासाठी.

त्या उतरल्या. पाटे करकरले आणि गाडी मागून पूर्ण उठली.

मार्तंडराव मान ताठ करून निघाले. त्यांची मान जेवढी ताठ, तेवढं गाडीचं नाक खाली. हळदीकुंकवाच्या रांगेतून सुभद्राबाई बघत होत्या. मंचावर फत्तेसिंग मोबाइलवर नातवाला तिळाची रेवडी दाखवण्यात दंग होते. गाडी आली, वाकलेली गेली. त्यांनी डोळा उचलला नाही.

गाडी परतीच्या वाटेला लागली. जमुनाबाई वाण म्हणून मिळालेली स्टीलची गाळणी उलटसुलट करून बघत होत्या.

"बघितलंच नाही त्यांनी," मार्तंडराव म्हणाले.

"मग सुटलात की."

"सुटलो कसला? वडिलांची गाडी समोरून जातेय, माणसाने मान तरी वर करावी!"

सुभद्राबाई पुढे सरकल्या. "वळवा मग गाडी. परत एकदा जाऊ. या खेपेला मी पुढच्या सीटवर बसते, म्हणजे आणखी वाकेल."

"काय वाकेल गं?" जमुनाबाईंनी विचारलं.

मार्तंडरावांनी पुढच्या मोकळ्या रस्त्यावर उगीचच हॉर्न वाजवला.